घरातील दुसरी भाषा आणि बालकाचे भाषाग्रहण : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

बीड जिल्ह्याची भाषिक घडण वरवर पाहणाऱ्यास एकजिनसी वाटते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार असून तीत मराठी भाषकांचे बहुमत निर्विवाद आहे. तथापि बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील मोहल्ल्यांतून दखनी उर्दू ही घरची भाषा आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील तांड्यांवर बंजारा समाजाची गोरबोली नांदते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी हजारो कुटुंबे वर्षाचे पाच-सहा महिने सांगली-कोल्हापूरच्या मराठीत, अथवा बेळगाव-बागलकोटच्या कानडीत काढतात. आणि शहरांतील शिकलेल्या मराठी घरांना आपल्या मुलास इंग्रजी केव्हा व कशी द्यावी, या चिंतेने घेरलेले आहे. यांपैकी तांड्यावरील भाषेचा थांग आकड्यांवरून लागणे कठीण, कारण जनगणनेच्या तक्त्यांत लमाणी, लंबाडी, बंजारी ही नावे हिंदीच्याच पोटात घातली जातात.

या चारही परिस्थितींत आईबापांचा प्रश्न एकच असल्याचा भास होतो : लहान लेकराला दुसरी भाषा घरात कशी यावी? प्रत्यक्षात हे चार निरनिराळे प्रश्न आहेत. मोहल्ल्यातील बालकाला दुसरी भाषा रस्त्यावर आयती मिळते. तांड्यावरील बालकाला ती शाळेच्या उंबरठ्यावर एकाएकी भेटते. तोडणीच्या फडावरील बालकाला ती हंगामापुरती मिळते आणि हंगामाबरोबर जाते. शहरातील मराठी बालकाला मात्र ती कोणाच्याच तोंडून सहजपणे ऐकू येत नाही. उपाय सांगण्यापूर्वी हा भेद लक्षात न घेतल्यानेच पालकांस दिला जाणारा सल्ला बहुधा निरुपयोगी, आणि काही वेळा हानिकारकही ठरतो.

हानिकारक सल्ल्यांत अग्रस्थान द्यावयाचे तर ते ‘घरी आता मराठीच बोलत जा’ या वाक्याला द्यावे लागेल. तांड्यावरील पालकांस हे वाक्य सद्हेतूने ऐकविले जाते. त्यामागे एक जुनी समजूत आहे : बालकाच्या डोक्यात भाषेसाठी ठराविक जागा असते, एकीने ती अडविली की दुसरीस ती अपुरी पडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समजुतीस शास्त्राचेही पाठबळ होते. वेल्समध्ये डी. जे. सेअर यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण भागातील द्वैभाषिक मुले बुद्धिमापनाच्या कसोट्यांत एकभाषिकांच्या मागे पडल्याचे दाखविले होते. पुढे १९६२ साली मॉन्ट्रियल येथे एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांची तुलना करताना कुटुंबांची आर्थिक-सामाजिक स्थिती समान राहील अशी दक्षता घेतली, तेव्हा निष्कर्ष उलटा निघाला. द्वैभाषिक मुले मागे तर नव्हतीच, उलट अनेक कसोट्यांत पुढे होती. पूर्वीच्या बऱ्याच अभ्यासांत गरिबीचे माप भाषेच्या पदरात घातले गेले होते, हे यावरून उघड झाले.

बीडच्या तांड्यांना याहून जवळचा दाखला ओडिशातील आहे. अजित मोहंती यांनी तेथील कंध आदिवासींत केलेल्या अभ्यासांना एक विलक्षण अनुकूलता लाभली होती. एकाच समाजाचा एक भाग कुई ही आपली भाषा राखून ओडिया शिकलेला, तर दुसरा भाग कुई विसरून केवळ ओडिया बोलणारा झालेला. जात, व्यवसाय, दारिद्र्य सारखे; फरक तो फक्त भाषेचा. विचारशक्तीच्या आणि भाषेविषयी जाण तपासणाऱ्या कसोट्यांत कुई व ओडिया अशा दोन्ही भाषा बोलणारी मुले सरस ठरली. घरची भाषा टाकल्याने शाळेची भाषा अधिक चांगली येते, या गृहीतकास याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण आहे.

असे का व्हावे, हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तांड्यावरील याडी, म्हणजे आई, गोरबोलीत लेकराला रागावते, समजावते, त्याची थट्टा करते, कालच्या गोष्टीचा संबंध आजच्याशी जोडून दाखविते. तिला मराठी येते ती बाजाराची आणि मजुरीची. ‘मराठीच बोला’ हा आदेश तिने मानला तर तिच्या तोंडी लेकरासाठी उरतात ती ‘इकडं ये’, ‘खाय’, ‘बस’, ‘नको करू’ अशी तुटक आज्ञार्थी वाक्ये. ‘तू काल पाण्यात गेला नसतास तर आज अंग तापलं नसतं’ हे संकेतार्थी वाक्य, ‘तो म्हणाला की मी येतो, पण आला नाही’ हे गुंतागुंतीचे निवेदन, कथेतील कार्यकारणाची साखळी, हे सारे त्या घरातून नाहीसे होते. बालकास मराठी मिळत नाही. त्याला मराठीचा सांगाडा मिळतो आणि गोरबोलीचे मांस गमावावे लागते. जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलेला परस्परावलंबनाचा सिद्धांत याच ठिकाणी उपयोगी पडतो. कथन, अनुमान, वर्गीकरण ही कौशल्ये एका भाषेत पक्की झाली की दुसऱ्या भाषेत ती नव्याने कमवावी लागत नाहीत; केवळ नवी लेणी चढवावी लागतात. म्हणून तांड्यावरच्या आईने मराठीसाठी करावयाची सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गोरबोलीत भरपूर बोलणे, ही होय. हे विधान विरोधाभासी वाटले तरी वस्तुस्थितीस धरून आहे.

मग घरात मराठी आणावी कोणी? ज्या घरातून मोठी बहीण शाळेत जाते त्या घरात ती आपोआपच येते. धाकट्याला कडेवर घेऊन हिंडणारी ही मुलगी शाळेतला खेळ, शाळेतली गाणी आणि गुरुजींची नक्कल यांच्या रूपाने मराठी घरी आणते. ती शिकवीत नसते, खेळत असते; आणि म्हणूनच तिची शिकवण टिकते. गोरबोली ही राजस्थानी गटातील भाषा असल्याचे ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाने शतकापूर्वीच नोंदविले आहे. तिच्यातील ‘तारो नाम कांई छ?’ आणि मराठीतील ‘तुझं नाव काय आहे?’ या वाक्यांत शब्दक्रम एकच आहे. कर्ता, पूरक, क्रियापद यांच्या जागा बदलत नाहीत. बालकास केवळ रूपे बदलावी लागतात. हे साम्य उपकारक आहे, पण त्याचा एक तोटाही संभवतो. गोरबोली ही स्वतंत्र भाषा नसून बिघडलेली मराठी आहे, असा ग्रह त्यातून होतो, आणि मुलाच्या तोंडचा ‘छ’ हा दुसऱ्या भाषेचा नियम न मानता चूक म्हणून खोडला जातो.

मोहल्ल्यातील दखनीभाषक बालकाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या घरच्या भाषेत मराठी चारशे-पाचशे वर्षांपासून मुरलेली आहे. दखनीतील ‘नक्को’ हा मराठी ‘नको’ होय. जोर देण्यासाठी शब्दाला लावला जाणारा ‘च’ हाही मराठीचाच, मात्र त्याचा उच्चार तेथे तालव्य होतो. म्हणजे दोन भाषा एका घरात राहू लागल्या की काय घडते, याचा इतिहास या बालकाच्या प्रत्येक वाक्यात दडलेला असतो. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मराठी, कानडी, उर्दू व तेलुगू यांची वाक्यरचना शेजारधर्माने इतकी जवळ आल्याचे दाखविले की तेथील बोलणारा वाक्याचा साचा तोच ठेवून केवळ शब्द पालटतो असे म्हणता यावे.

तरीही अडचणीच्या जागा उरतात, आणि त्या आधी ओळखता येतात. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. उर्दूतील ‘पानी’ पुल्लिंगी, मराठीतील ‘पाणी’ नपुंसकलिंगी. त्यामुळे ‘माझा पाणी’ हे रूप दखनीभाषक बालकाच्या तोंडी येणे अगदी नियमास धरून आहे. ‘ळ’ हा स्वनिम उर्दूत नाही. म्हणून ‘केळी’ आणि ‘केली’, ‘काळ’ आणि ‘काल’ यांतील भेद प्रथम कानाला, मग जिभेला शिकावा लागतो. ‘चार’ मधील तालव्य आणि ‘चारा’ मधील दंततालव्य च यांचा भेद तर देवनागरी लिपीही दाखवीत नाही, तेव्हा तो पुस्तकातून येण्याची शक्यताच नाही. तो शेजारच्या मराठी लेकरांबरोबर खेळूनच यावयाचा. येथे घराने करावयाचे काम थोडेसेच आहे : मुलास शेजारी खेळू देणे, आणि त्याने घरी आणलेल्या मराठी वाक्याची टिंगल न करणे.

द्वैभाषिक घरांच्या अभ्यासाला आरंभ झाला तो युरोपात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंजा यांच्या पत्नी जर्मनभाषक होत्या. १९०८ साली मुलगा लुई जन्मला तेव्हा मोरिस ग्रामाँ यांनी त्यांना सल्ला दिला की एका व्यक्तीने मुलाशी एकच भाषा बोलावी. रोंजांनी तो काटेकोरपणे पाळला आणि १९१३ साली त्याचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. हाच सल्ला पुढे जगभर सूत्रासारखा पसरला. त्याची कसोटी मात्र पुष्कळ उशिरा लागली. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रदेशात ॲनिक द हाउवर यांनी सुमारे १९०० द्वैभाषिक कुटुंबांची पाहणी केली व २००७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा घरांतील जवळजवळ चौथा हिस्सा मुले घरातील अल्पसंख्य भाषा बोलतच नव्हती. आणि ‘एक व्यक्ती, एक भाषा’ हा नियम पाळणे यशासाठी आवश्यकही नव्हते आणि पुरेसेही नव्हते. जेथे आई आणि वडील दोघेही घरात अल्पसंख्य भाषा बोलत, तेथे ती बहुतेक सर्व मुलांत टिकली.

बीडच्या घरांस हे सूत्र लागू पडणे मुळातच अवघड होते. ज्या घरात आजी, चुलती, आत्या, मोठी भावंडे आणि अर्धा वाडा मुलाशी बोलतो, तेथे व्यक्तीगणिक भाषा वाटून देणे हा हास्यास्पद प्रकार होईल. तेथे भाषा वाटली जाते ती प्रसंगांनी. रात्रीची गोष्ट आजीच्या भाषेत, बाजारातील हिशेब मराठीत, सणाची गाणी पुन्हा घरच्या भाषेत. ही वाटणी कोणी ठरविलेली नसते, पण मूल ती अचूक ओळखते. घरात दुसरी भाषा मुद्दाम आणावयाची असेल तर तिला असाच एखादा नित्याचा प्रसंग नेमून द्यावा. दिवसभर तिचे शिंपण करीत राहू नये.

शहरातील मराठी घरांत इंग्रजीचे नेमके हेच होते. ‘बाळा, नोज दाखव’, ‘ॲपल खा’, ‘काऊला ग्रास दे’ अशी वाक्ये ऐकून आईबापांस मूल इंग्रजी शिकत असल्याचा आनंद होतो. व्याकरणाच्या दृष्टीने ही शुद्ध मराठी वाक्ये आहेत. क्रियापद मराठी, प्रत्यय मराठी, शब्दक्रम मराठी. एक नाम तेवढे उसने. अशाने मुलाच्या मराठीत उसन्या शब्दांची भर पडते आणि त्याला मराठी लिंगवचनही लागते. ‘बॉटल फुटली’ म्हणताना मूल इंग्रजी बोलत नसून बॉटलला मराठी स्त्रीलिंग देत असते. इंग्रजीचे क्रियापद, तिचा उलटा शब्दक्रम, तिचे नकार आणि प्रश्न यांचा त्याला स्पर्शही होत नाही. याउलट दिवसातून एकदाच, पण वीस मिनिटे, चित्रांचे इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन त्याच भाषेत चाललेले बोलणे कितीतरी अधिक देऊन जाते. अर्थात वाचणाऱ्यास ती भाषा तेवढी तरी सहज बोलता आली पाहिजे. जेथे येत नाही तेथे मराठी गोष्टच वाचावी. कमिन्स यांच्या तत्त्वानुसार तीही इंग्रजीच्या कामी येते.

मोबाईलवरील इंग्रजी गाण्यांवर विसंबणाऱ्या घरांनी पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रयोगाकडे अवश्य पाहावे. नऊ महिन्यांच्या अमेरिकी अर्भकांना सुमारे पंचवीस मिनिटांच्या बारा बैठकींत चिनी भाषा ऐकविण्यात आली. काहींना प्रत्यक्ष माणसाकडून, काहींना दूरचित्रपटावरून, काहींना केवळ ध्वनिमुद्रणातून. माणसाच्या सहवासातून ज्यांनी ती ऐकली त्यांना चिनी ध्वनींतील भेद ओळखता आला. इतरांच्या पदरी काहीच पडले नाही. ध्वनी तेच, शब्द तेच; समोर बघणारे, थांबणारे, हसणारे माणूस तेवढे नव्हते. बोलणारे यंत्र मुलाचे मन रमवील, परंतु त्याच्या बोलण्याला उत्तर देणार नाही.

उत्तर देण्याचीही एक रीत आहे. मूल दोन भाषा मिसळून बोलले की घर घाबरते. वास्तविक मिश्रण हे गोंधळाचे लक्षण नव्हे. बालकाच्या हाताशी त्या क्षणी जो शब्द असतो तो ते वापरते. एलिझाबेथ लान्झा यांनी नॉर्वेतील द्वैभाषिक घरांच्या अभ्यासातून दाखविले की मिश्रणाला मोठी माणसे निरनिराळे प्रतिसाद देतात आणि मुलाची भाषा त्यांनुसार वळते. कोणी न कळल्याचे दाखवितात, कोणी अर्थाचा अंदाज करून विचारतात, कोणी तेच वाक्य अपेक्षित भाषेत पुन्हा म्हणतात, कोणी तसेच पुढे जातात, तर कोणी स्वतःच भाषा बदलतात. घरगुती वापरास यांतील मधला मार्ग उत्तम. मूल म्हणाले, ‘माझा पाणी गिर गया’, तर ‘असं बोलायचं नाही’ म्हणून त्याला अडवू नये. ‘अरे, तुझं पाणी सांडलं? कुठं सांडलं पाणी?’ एवढे म्हणावे. यात सुधारणा आहे, नपुंसकलिंग दोनदा आले आहे, क्रियापद आले आहे, आणि संभाषण पुढेच गेले आहे. मुलाला चूक दाखविली गेल्याचे कळतही नाही.

मुलाच्या शब्दसंग्रहाचे मोजमाप करतानाही असाच अन्याय होतो. मायामी येथील इंग्रजी-स्पॅनिश बालकांवर बार्बरा पिअर्सन व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे तात्पर्य असे की एकेका भाषेतील शब्द वेगळे मोजले तर द्वैभाषिक मूल एकभाषिकाच्या मागे दिसू शकते, पण दोन्ही भाषांतील मिळून त्याच्यापाशी किती कल्पनांना शब्द आहेत हे पाहिले तर ते मागे नसते. अंगणवाडीत ‘सशाला’ मराठी शब्द न सांगू शकणारे तांड्यावरचे मूल घरच्या भाषेत ससा, त्याचे बीळ आणि तो धरण्याची युक्ती सांगू शकेल. प्रश्न फक्त विचारणाऱ्याच्या भाषेचा आहे.

हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न सर्वांत बिकट आणि सर्वांत उपेक्षित आहे. मुकादमाची उचल घेतलेले जोडपे लेकरांसह फडावर जाते. पहाटे कोयता चालू होतो, लेकरू कोपीत अथवा बांधावर मोठ्या भावंडापाशी राहते. कानडी मुलखात गेलेल्या लेकराच्या कानावर पाच महिने कानडी पडते, आणि पाडव्याच्या सुमारास परतल्यावर ती एकदम थांबते. याला समांतर असा एक उदाहरणग्रंथच म्हणावा असा वृत्तांत रॉबिन्स बर्लिंग यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा मुलगा स्टीफन दीड वर्षाचा होण्यापूर्वीच, १९५४ मध्ये, आसामातील गारो टेकड्यांत आला. तेथील लोकांच्या सहवासात त्याची गारो इंग्रजीपेक्षाही बलवान झाली. १९५६ मध्ये कुटुंब तेथून निघाले तेव्हा प्रारंभी तो भेटेल त्या भारतीय माणसाशी गारोत बोलू पाही. आणि सहा महिन्यांच्या आत साध्या साध्या गारो शब्दांसाठीही अडखळू लागला. वेर्नर लिओपोल्ड यांनी आपल्या हिल्डेगार्ड या मुलीच्या भाषेची जी चार खंडांची रोजनिशी १९३९ ते १९४९ या काळात प्रसिद्ध केली, तीतही जर्मनीत काही महिने राहिल्यावर मुलीची इंग्रजी मागे पडली व अमेरिकेत परतल्यावर उलट घडले, अशी नोंद आहे. बालकाची भाषा गरजेबरोबर येते आणि गरजेबरोबर जाते.

याच जिल्ह्याच्या इतिहासातही याचा मोठा पडताळा आहे. निजामी राजवटीत उच्च शिक्षण व कारभार उर्दूत होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी घरांतील शिकणाऱ्या मुलांनी तेव्हा उर्दू आत्मसात केली ती तिच्याशिवाय पुढे वाट नव्हती म्हणून. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि त्या घरांतील पुढच्या पिढीकडे उर्दूचे वाचन उरले नाही. उरले ते कचेरीचे काही शब्द. मोहल्ल्यातील उर्दूला अशी ओहोटी लागली नाही, कारण तेथे तिच्यात अंगाई होती, भांडणे होती, लग्ने होती.

तोडणीच्या लेकराची कानडी राखता येईल काय, हा प्रश्न सध्या तरी चैनीचा वाटेल. त्याच्या मराठीचे पाच महिन्यांचे खिंडार आधी बुजले पाहिजे. मुलांनी गावातच राहावे यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. त्यांत शाळकरी मुले राहतात, परंतु तीन-चार वर्षांचे मूल आईबरोबरच जाणार. अशा मुलाशी फडावर बोलणारे माणूस बहुधा आठ-दहा वर्षांचे भावंड असते. म्हणून त्या भावंडाच्या हाती दोन-तीन चित्रकथांची पुस्तके देणे हा, खर्चाच्या मानाने, या विषयातील सर्वांत फलदायी उपाय ठरावा. थकून परतलेल्या आईला भाषेचे धडे सांगणे निर्दयपणाचे आहे. चुलीपाशी ती जे बोलते ते तिने घरच्याच भाषेत बोलावे, इतके पुरे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या क्षेत्रात करण्याजोगे काम विपुल आहे, आणि त्यास उपकरणे लागत नाहीत. लिओपोल्ड यांच्यापाशी वही आणि पेन्सिल होती. एकाच मुलाची दीड ते चार वर्षे या वयातील बोली, परतीच्या पहिल्या आठवड्यापासून पुढील हंगामापर्यंत, पंधरवड्यातून एकदा नोंदवावी : मूल काय बोलले, कोणाशी बोलले, समोरच्याने कोणत्या भाषेत उत्तर दिले, आणि त्या उत्तरानंतर मुलाचे पुढले वाक्य कोणत्या भाषेत आले. चौथा रकाना बहुतेक नोंदवह्यांतून गाळला जातो. लान्झा यांच्या अभ्यासाचे सारे मर्म त्याच रकान्यात आहे. नोंद लिपीत करताना दोन प्रकारच्या च-ज साठी वेगळी खूण ठरवून घ्यावी. नाहीतर दखनीभाषक बालकाचा ‘चारा’ आणि मराठी बालकाचा ‘चारा’ कागदावर एकच दिसतील.